एक मिनिट बाळाकडे पाहा

(पिपरी मेघे येथे नोव्हेंबर २०२१ मध्ये भरलेल्या साहाय्यक व हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



दीड वर्षानंतर आपण असे समोरासमोर बसलो आहोत. खुर्च्या लांब लांब मांडल्या आहेत. गेल्या वेळी आपल्याबरोबर असलेले काही जण आज नाहीत. त्यांच्या घरच्यांना देव सांत्वन देवो.

मला कार्याचा अहवाल वाचायला सांगितले होते. तो छापून तुमच्या हातात दिला आहे. किती घरांना शिधा दिला, किती मास्क शिवले, किती जणांना लसीसाठी नेले, ते सगळे त्यात आहे. जे त्यात नाही त्याविषयी मी आज बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. माझ्याकडे ईश्वरविज्ञानाची पदविका आहे आणि आदिवासी वस्त्यांमध्ये फिरण्याचा काही वर्षांचा अनुभव आहे. म्हणून औषधाचे ज्ञान सांगायला मी उभी नाही. माझ्या हातून काय चुकले आणि त्यातून मी काय शिकले, एवढेच सांगते.

सप्टेंबर २०२० ची गोष्ट. रोज नवे रुग्ण सापडत होते. इथेच पिपरी मेघेच्या कडेला एका नव्या लेआउटमध्ये घराचे बांधकाम चालू होते. त्या जागेवर टिनाच्या खोलीत एक गोंड कुटुंब राखणदारीला राहत होते. नवरा, बायको आणि सात महिन्यांचा मुलगा. टाळेबंदीत आपण त्यांना शिधा दिला होता, म्हणून त्या बाईकडे माझा नंबर होता. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"ताई, पोराले दोन दिसापासून खोकला हाय. अंग तापून राह्यलं. पोट उडून राह्यलं त्याचं. दूध बी धरत नाही बरोबर."

मी तिला प्रश्न विचारले. घरात आणखी कोणाला ताप आहे का? बाहेरगावाहून कोणी आले होते का? तुझ्या नवऱ्याला वास येतो का? जेवणाची चव कळते का? घरात दुसरे कोणी आजारी नव्हते, सगळ्यांना वास येत होता. मला हायसे वाटले. पोटाचे ती बोलली त्यावर मी म्हटले, "गॅस झाला असेल, हिंग लाव." मग तिने घाबरत विचारले, "दवाखान्यात नेलं तर आमाले चौदा दिवस ठेवून घेतील का जी?" मी म्हटले, "उगीच गर्दीत नेऊ नकोस. तापाचे औषध दे. दोन दिवस वाट पाहू."

दोन दिवस मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या नवऱ्याचा फोन आला. बाळाला घेऊन ते ऑटोत बसले होते. बाळ वाटेतच गेले.

त्या बाळाची कोणतीच तपासणी झाली नाही. त्याला कोरोना होता की नव्हता, हे कधीच कळणार नाही. पण काही दिवसांनी आपल्या मंडळीतल्या एका नर्स भगिनीला मी हा फोन जसाच्या तसा सांगितला, तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, पोट उडते म्हणजे पोटाचा आजार नाही. फुप्फुसात कफ भरला की मुलाला श्वास पुरत नाही. ते जोर लावून श्वास घेते. छातीचा खालचा भाग आत ओढला जातो आणि पोट वर उडते. आपल्याकडे खेड्यापाड्यात न्यूमोनियाला लोक असेच म्हणतात."

मी नागपूर शहरात वाढले. मला हा शब्द त्या अर्थाने ठाऊक नव्हता. त्या आईने मला फोनवर निदान सांगितले होते आणि मी तिला हिंग लावायला सांगितले. मी विचारलेले सगळे प्रश्न कोरोनाचे होते, बाळाविषयी मी एकही विचारला नाही. आपण आज बसलो आहोत तिथून सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय आणि वर्ध्याचे सामान्य रुग्णालय, तिन्ही ऑटोने जाण्याच्या अंतरावर आहेत. इतक्या जवळ असून ते बाळ तिथे पोहोचले नाही. त्याच्या वाटेत माझा सल्ला आडवा आला.

हे मी रडण्यासाठी सांगत नाही. तिसरी लाट मुलांवर येणार, असे गेले सहा महिने आपण ऐकतो आहोत. सरकारने त्यासाठी बालरोगतज्ज्ञांचा कृतिगट नेमला, रुग्णालयांत मुलांसाठी खाटा वाढवल्या. हे चांगलेच झाले. पण आजवर बहुतेक मुलांना कोरोना सौम्यच झाला आहे. न्यूमोनिया मात्र कोरोनाच्या आधीही होता. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत तो आजही आहे. एका नव्या आजाराच्या भीतीने आपण जुन्या आजाराकडे पाठ फिरवली. खोकणारे मूल घेऊन आई बाहेर पडायला घाबरते, आणि काही ठिकाणी खोकणाऱ्याला दारातच थांबवले जाते. या दोन्हींत मुलाचा वेळ जातो.

मग न्यूमोनिया ओळखायचा कसा? एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही, झोपडीत वीजसुद्धा नाही. याचे उत्तर श्वास मोजण्यात आहे. १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनी या दूरच्या देशात काम करणाऱ्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की खोकला झालेल्या मुलाचा श्वास जलद चालतो का आणि छाती आत ओढली जाते का, एवढे नीट पाहिले तरी उपचार कोणाला हवा ते ठरवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने तीच रीत जगभर नेली.

आपल्या महाराष्ट्रात ती सिद्ध झाली गडचिरोलीत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचे नाव तुम्हाला ठाऊक आहे. अभय बंग तर आपल्या वर्ध्याचेच, त्यांचे बालपण सेवाग्रामच्या परिसरात गेले. त्यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ५८ गावांत आरोग्यदूत, आरोग्य कर्मचारी आणि गावच्या सुईणी यांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि कोट्रायमॉक्साझोल हे औषध द्यायला शिकवले. दुसरीकडे ४४ गावांत नेहमीसारखेच चालू होते. वर्षभरानंतर ताळा पाहिला. नेहमीच्या गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे १७.५ मुले न्यूमोनियाने मेली होती. शिकवलेल्या गावांत तो आकडा ८.१ होता. तिथे न्यूमोनियाच्या ६१२ आजारांवर उपचार झाले आणि त्यांतले शंभरात एकही मूल दगावले नाही, म्हणजे प्रमाण ०.८ टक्के. उपचार न पोहोचलेल्या गावांत शंभरात तेरा-चौदा मुले जात होती. १९९० साली हा अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला.

यातल्या अनेक सुईणींना लिहिता-वाचता येत नव्हते, पन्नासपर्यंत मोजताही येत नव्हते. त्यांच्यासाठी एक साधे यंत्र बनवले. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर बाळाला न्यूमोनिया आहे. ज्या बाईला अंगठा लावावा लागतो ती न्यूमोनियाचे निदान करत होती. आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात आज मोबाइल आहे आणि त्यात सेकंद दाखवणारे घड्याळ आहे. आपल्याला सबब सांगता येणार नाही.

आता मोजायचे कसे, ते नीट ऐका. घरी गेल्यावर आपल्या नातवंडांवर करून पाहा.

मूल शांत असताना मोजा. रडत असेल, दूध पीत असेल तर थांबा. आईच्या मांडीवरच राहू द्या. अंगातला सदरा वर करा आणि छाती-पोटाकडे पाहा. पोट वर आले, खाली गेले, हा एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा.

दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल आणि मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास असतील, तर तो जलद श्वास. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा जास्त. साठ, पन्नास, चाळीस. हे तीन आकडे तुमच्या बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा.

मोजून झाले की छाती पाहा. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत जात असेल, तर आकडा कितीही असो, त्याला दवाखान्यात न्यायचे. ज्या मुलाला दूध किंवा पाणी पिता येत नाही, जे प्यायलेले सगळे ओकते, ज्याला झटके येतात, जे हलवूनही नीट जागे होत नाही, शांत असतानाही ज्याच्या श्वासाला घरघर आवाज येतो, त्याला तर त्याच क्षणी. दोन महिन्यांच्या आतले बाळ दूध सोडते, गार पडते किंवा तापते, तर घरी काहीच करून पाहू नका, उचला आणि निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

महामारीत एक प्रश्न सगळे विचारतात. हा श्वास कोरोनाने जलद झाला की साध्या न्यूमोनियाने? घरी बसून ते ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही नाही. ते काम दवाखान्याचे. नाकातला नमुना तिथे घेतील आणि त्याच वेळी प्राणवायूही लावतील. तपासणीचा निकाल येईपर्यंत मुलाला घरी ठेवायचे नाही.

ऑक्सिमीटरविषयीही सांगते, कारण तुम्ही ते यंत्र मोठ्या प्रेमाने आपल्याला दान केले. मोठ्यांसाठी ते फार उपयोगी पडले. पण तान्ह्याच्या बोटावर मोठ्यांचे यंत्र नीट बसत नाही, आकडा भलताच येतो. लहान मुलांचे यंत्र असेल आणि आकडा ९० च्या खाली असेल, तर मुलाला प्राणवायू हवा. पण आकडा चांगला दिसला म्हणून, छाती आत ओढली जात असताना, निश्चिंत बसू नका.

औषधाचे दोन शब्द. जंतूंमुळे झालेल्या न्यूमोनियावर आज बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिन देतात. ते स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळते, मुलांसाठी पाण्यात विरघळणारी गोळीही आहे. मुलाचे वजन पाहून डॉक्टर डोस ठरवतात. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बंद करायचे नाही, सांगितलेले सगळे दिवस द्यायचे. दोन दिवसांत फरक पडला नाही तर परत दाखवायचे. आजार जास्त असेल तर भरती, इंजेक्शन आणि प्राणवायू. पण ज्या मुलाला नुसती सर्दी आहे, श्वास बरोबर चालतो, ते खेळते आणि पिते, त्याला हे औषध लागत नाही. दुसऱ्या लाटेत मोठ्यांच्या उरलेल्या गोळ्या मुलांना फोडून दिलेल्या मी वस्त्यांवर पाहिल्या, त्यांत स्टिरॉइडही होते. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जूनमध्ये स्पष्ट सांगितले आहे, की मुलांना रेमडेसिविर देऊ नये आणि सौम्य आजारात स्टिरॉइड देऊ नये. उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका.

आता दुसरी गोष्ट. गेल्या महिन्यातली.

सेलूच्या बाजूला एका शेतात धारणीकडची कोरकू माणसे सोयाबीन सोंगायला आली होती. आपण तिथे पांघरुणे वाटायला गेलो. माझ्याबरोबर आपल्या तरुण संघातली बारावीची मुलगी होती. पालात अकरा महिन्यांची एक पोर आजीच्या मांडीवर होती. खोकला चार दिवसांचा. चुलीजवळ विळा ठेवलेला दिसला आणि माझ्या लक्षात आले. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. वाचून आपण म्हणतो, किती अडाणी माणसे. त्या दिवशी मला वेगळे वाटले. त्या म्हातारीने नातीचे पोट उडताना पाहिले होते, जे मला फोनवर ऐकूनही कळले नव्हते.

मी म्हटले, "आजी, तुम्हाला दिसले ते खरे आहे. आजार पोटावर दिसतो, पण बसला आहे छातीत. एक मिनिट आम्हाला पाहू द्या."

मुलीने मोबाइल लावून मोजले. ५८. पुन्हा मोजले. ६१. छाती आत जात होती. त्या गावच्या आशाताईंना बोलावले. 'सांस' या नावाची सरकारची न्यूमोनियाविरुद्धची मोहीम २०१९ पासून आहे, तिच्यात आशांना पुढे पाठवण्याआधीचा अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देता येतो. त्यांनी तो दिला. आई एकच विचारत होती, "कोरोना है क्या?" मी म्हटले, "वो वहाँ देखेंगे. पहले चलो." शेतमालकाने आपली गाडी काढली. रुग्णालयात नमुना घेतला आणि लगेच प्राणवायू लावला. अहवाल नंतर आला, कोरोना नव्हता. पोर पाच दिवस राहिली आणि बरी होऊन परतली.

आभार मानतील असे मला वाटले होते. आजीने मला विचारले, "पाच दिवसांची मजुरी कोण देणार?" मी गप्प राहिले, कारण प्रश्न खरा होता. सोंगणीचे दिवस मोजके असतात. आई दवाखान्यात बसली, बाप जेवणाचा डबा घेऊन फेऱ्या मारत राहिला, तर दोघांची मजुरी बुडते. मागे राहिलेली मोठी पोरे कोण पाहणार, हाही प्रश्न असतो. म्हणून पुष्कळ आईबाप मुलाला अर्ध्या उपचारातून घेऊन जातात, आणि आपण त्यांना बेजबाबदार म्हणतो.

म्हणून आज तुमच्याकडे तीन मागणी आहेत. पहिली पैशाची नाही. तुमच्यातल्या प्रत्येकाने श्वास मोजायला शिकावे. धुणीभांड्याला येणारी बाई, बांधकामावरचा राखणदार, वीटभट्टीवरची मजूर बाई, यांच्या कडेवरचे मूल खोकत असेल तर एक मिनिट थांबून मोजा. दुसरी मागणी, मूल भरती असताना त्या घरची बुडालेली मजुरी, ऑटोचे भाडे आणि जेवण, यासाठी आपण एक छोटी वेगळी रक्कम बाजूला ठेवूया. शिध्याच्या किटपेक्षा ती दिसायला लहान आहे, तिचा फोटोही चांगला निघणार नाही.

तिसरी मागणी लसीची. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावर न्यूमोकोकल लस आहे. खासगीत ती हजारो रुपयांना मिळत होती. यंदापासून आपल्या राज्यात सरकारी लसीकरणात ती फुकट मिळते, दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिन्यांना. टाळेबंदीत अनेक मुलांच्या नेहमीच्या लसीही चुकल्या, गोवरची त्यांतलीच. तुमच्या ओळखीच्या कष्टकरी घरांत मुलाचे कार्ड मागून पाहा आणि चुकलेल्या लसीसाठी अंगणवाडीत पाठवा. पहिले सहा महिने आईचेच दूध, आणि बाळ चुलीच्या धुरापासून दूर, हेही सांगत राहा.

बंधूंनो आणि भगिनींनो, याईराची गोष्ट मी शब्बाथ शाळेत किती वेळा शिकवली असेल. मुलगी उठून बसली, इथे मी नेहमी थांबत असे. आता ती गोष्ट वाचताना मला तो बाप आधी दिसतो, गर्दीतून वाट काढत मुलीसाठी मदत मागायला आलेला. प्रभूने त्याला आधी चौकशीचे प्रश्न विचारले नाहीत. तो त्याच्याबरोबर चालू लागला.

लेआउटमधले ते घर आता बांधून झाले आहे. तिथे दुसरी माणसे राहायला आली आहेत. ते गोंड कुटुंब कामाच्या शोधात दुसरीकडे गेले. त्या आईची क्षमा मी मागितली. ती म्हणाली, "तुमाले तरी काय माहीत होतं जी." आता मला माहीत आहे, आणि आजपासून तुम्हालाही.

आपण प्रार्थनेसाठी उभे राहू या. त्याआधी, ज्यांच्या मांडीवर लहान मूल आहे त्यांनी बसूनच राहावे. मोबाइल काढा. आपण सगळे मिळून एक मिनिट मोजू या.